गोडबोले झालेला इंग्रज : ॲलेक गिनेस

विंगेतला_उंदीर

माझी आणि ॲलेक गिनेसची पहिली भेट अगदीच वाईट झाली. कॉलेजात असताना फिल्म क्लबात 'अ पॅसेज टू इंडिया' दाखवला होता, डेव्हिड लीनचा १९८४ चा. प्रोफेसर नारायण गोडबोले पडद्यावर आले. डोक्याला पागोटं, अंगाला तपकिरी रंग आणि बोलण्याला असा काही हेल, की आमच्या रांगेतला खराखुरा गोडबोले खुर्चीत खाली खाली सरकत गेला. पुढं वर्षभर आम्ही त्याला 'प्रोफेसर' म्हणून छळलं. त्याच सिनेमात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे आपले नट आहेत. मग गोडबोल्यांसाठीच नेमका सत्तरीचा इंग्रज का, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

तीन-चार वर्षांनी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' पाहिला. जपान्यांच्या कैदेतल्या कर्नल निकल्सनचं काम बघून सुन्न झालो. शेवटी नाव वाचलं, तर तोच माणूस! मी चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना. दोन तास ज्याच्याकडे टक लावून बघत होतो त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येईना. तेव्हापासून हा गृहस्थ माझ्या डोक्यात बसलाय. त्याच्यावर लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला.

जन्म लंडनचा, २ एप्रिल १९१४. आईचं नाव ॲग्नेस कफ. जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. ती शेवटपर्यंत कोरीच राहिली. त्यानं आठवणींत लिहिलंय की चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याची तीन नावं झाली होती आणि तीसेक बिऱ्हाडं. ज्याला लहानपणी हजेरीपटावर आपलं नाव काय लागणार याचीच खात्री नाही, तो मोठेपणी वाटेल ते नाव घेऊन वावरायला लागला. (हे माझं आपलं मानसशास्त्र. पटलं नाही तर सोडून द्या.)

शाळा संपल्यावर एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरी धरली. नाटकाचं वेड होतंच. जॉन गिलगुड तेव्हा लंडनच्या रंगभूमीवर ऐन भरात. त्याच्याकडे धीर करून शब्द टाकला, त्यानं मार्टिटा हंट या नटीकडे शिकवणीला धाडलं. थोड्या दिवसांनी बाईंनी तोंडावर सांगितलं की तू काही नट होणार नाहीस. पुढं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये मिस हॅविशॅम याच बाई आणि हर्बर्ट पॉकेट हाच पोरगा, ही गंमत पुन्हा कधीतरी.

मधले दिवस उपासमारीचे. गिलगुडनं एकदा बाजूच्या टेबलावरच्या वीस पौंडांच्या गड्डीकडे बोट दाखवून म्हटलं, घेऊन जा. खिशात दमडी नाही, पोटात काही नाही, आणि पोरगा नको म्हणाला. १९३४ साली एका नाटकात तीन किरकोळ भूमिका मिळाल्या : एक चिनी हमाल, एक फ्रेंच समुद्री चाचा आणि एक इंग्रज खलाशी. एकाच नाटकात, एकाच पगारात. त्याच वर्षी गिलगुडनं आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची भूमिका दिली आणि गाडी रुळावर आली. १९३८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात टायरन गथ्रीनं आजच्या काळातल्या पोशाखात 'हॅम्लेट' बसवलं, त्यात हॅम्लेट हाच. लग्नही त्याच वर्षी, मेरुला सलामन या नटीशी. मुलगा मॅथ्यू १९४० चा.

युद्धात तो आरमारात होता. १९४३ च्या सिसिलीच्या स्वारीत सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी एक बोट त्याच्या हाताखाली होती. हल्ल्याची वेळ पुढं ढकलल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही आणि हा ठरल्या वेळी किनाऱ्याला जाऊन भिडला. वरिष्ठ अधिकारी त्यालाच बोलायला लागला, तेव्हा त्यानं ऐकवलं म्हणे, की साहेब, लंडनच्या नाट्यगृहात आठला पडदा वर जाणार असं छापलं असेल तर तो आठलाच जातो, आरमारानं हे शिकायला हरकत नाही. आपल्याकडे तिसरी घंटा कधी होते ते आठवून मी हे वाचताना एकटाच हसलो.

युद्धानंतर सिनेमा. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६) आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८), दोन्ही लीनचे. मग ईलिंग स्टुडिओच्या विनोदी सिनेमांची रांग. त्यातला १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' तर बघाच. एका उमरावाच्या खानदानातले आठ जण त्यानं एकट्यानं केलेत. त्याला आधी चारच भूमिका द्यायच्या होत्या. त्यानं पहिलंच पान वाचलं, हसून लोळला आणि तार केली : चारच का? आठ का नकोत? एका दृश्यात चर्चमध्ये यातले सहा जण एकाच चौकटीत दिसतात. संगणक नव्हते. डग्लस स्लोकम या छायाचित्रकारानं भिंगापुढं झाकणं लावून फिल्मचा एकेक तुकडाच उघडा ठेवला. गिनेस वेष बदलून येणार, फिल्म पुन्हा मागे नेणार, पुन्हा तीच पट्टी वापरणार. काही दिवस हे चाललं. कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून स्लोकम रात्री तिथंच कॅमेऱ्याशेजारी झोपला.

आणि 'क्वाय'. सिलोनच्या जंगलात चित्रीकरण. पहिल्याच भेटीत लीननं सांगून टाकलं की मला खरं तर चार्ल्स लॉटन हवा होता. तिथून जे वाजलं ते वाजतच राहिलं. गिनेसला निकल्सनमध्ये थोडी गंमत, थोडी माया आणायची होती. लीनच्या मते तो माणूस कंटाळवाणाच दिसायला हवा. पण एक जागा बघा. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून निकल्सनला बाहेर काढतात आणि तो जपानी अधिकाऱ्याकडे चालत जातो. पाय लटपटतायत, पाठ मात्र ताठ. ती चाल मॅथ्यूची आहे. पोराला अकराव्या वर्षी पोलिओ झाला होता. बरा होताना तो जसा चालायचा, तसा बाप त्या रणरणत्या उन्हात चालला. या कामाला ऑस्कर मिळालं, १९५९ मध्ये सर पदवीही. स्वतः गिनेसला ते तेवढं चालणं फार आवडायचं.

हे कळल्यावर मी तो तुकडा पुन्हा बघायला घेतला होता. अर्ध्यात बंद केला.

बाकी प्रतिसादांत.

शनिवारपेठी

मस्त! आठ भूमिकांचं वाचून आधी 'तो मी नव्हेच' आठवलं. आपल्या पणशीकरांनी पाच केल्या, त्याही रंगमंचावर, रोज रात्री, फिल्म मागे न नेता.

विंगेतला_उंदीर

पणशीकरांबद्दल दुमत नाहीच. पण फरक आहे. लखोबा हा एकच भामटा, तो पाच सोंगं घेतो आणि प्रेक्षकाला प्रत्येक सोंगामागचा लखोबा दिसायलाच हवा, नाटकाची सगळी मजा त्यात. गिनेसचे आठ जण खरोखर आठ वेगळे जीव आहेत. त्यांच्या मागे कुणी नाही. मला तर कधी कधी वाटतं, गिनेसही नाही.

तिरकस

लेख आवडला, पण पहिल्या परिच्छेदात विचारलेला प्रश्न तुम्ही पुढं गुंडाळून ठेवलात. नटानं भूमिकेमागे लपणं वगैरे ठीक. पण लपायला कुणाकुणाची कातडी घ्यायची याची मुभा फक्त गोऱ्या नटाला होती. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त (१९६२) हाच अरब राजपुत्र फैसल. त्याच्या आदल्या वर्षी 'अ मेजॉरिटी ऑफ वन'मध्ये जपानी व्यापारी. मग गोडबोले. सईद जाफरीला कुणी लंडनमध्ये हॅम्लेट दिला असता का?

आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये यानंच केलेल्या फेगिनचं, चोरपोरांच्या त्या ज्यू म्होरक्याचं काय? ते प्रचंड नाक! ज्यूंच्या कत्तलीला जेमतेम तीन वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, अमेरिकेत तो सिनेमा १९५१ पर्यंत लागू शकला नाही आणि लागला तोही कापून. लीन आणि गिनेसचं म्हणणं काय, तर डिकन्सच्या मूळ पुस्तकातल्या क्रुकशँकच्या चित्रांबरहुकूम केलंय. चित्रं तशी होती हे खरं. पण १८३८ ची चित्रं १९४८ मध्ये हलतीबोलती करताना मधली एकशेदहा वर्षं विसरायची?

विंगेतला_उंदीर

गुंडाळलं नव्हतं, शेवटी येणार होतो, लेख लांबला. तुमचं म्हणणं मान्य. फेगिनबद्दल एवढंच सांगतो, की त्या भूमिकेसाठी लीननं त्याला हसण्यावारी नेलं होतं. तो पूर्ण रंगभूषा करून चाचणीला आला, तेव्हा लीनची बोलती बंद झाली. वय चौतीससुद्धा नव्हतं. म्हणजे नट म्हणून कमाल आणि परिणाम म्हणून वाईट, या दोन्ही गोष्टी त्याच नाकामुळे. यातली एक बाजू धरून दुसरी सोडता येत नाही मला.

गोडबोल्यांचं मात्र कमालसुद्धा म्हणता येत नाही. तिथं तो लपलाच नाही. पुढं त्याला स्वतःलाही ते काम बोचायचं.

जेडाय_जोशी

अवांतर : फेगिनचं ते नाक बनवणारा रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न. याच माणसानं पुढं 'स्टार वॉर्स'मधला योडा बनवला. बोला आता!

आणि काय हो उंदीरराव, एवढा मोठा लेख आणि त्यातल्याच, गिनेसनं केलेल्या ओबी-वान केनोबीचा एका ओळीनं उल्लेख नाही? निषेध!

विंगेतला_उंदीर

मुद्दामच टाळला. त्याला स्वतःला आवडलं असतं.

जेडाय_जोशी

ते मला ठाऊक आहे आणि त्यानं माझं काळीज तुटलंय. मीच लिहितो मग.

'स्टार वॉर्स' १९७७ चा. चित्रीकरण चालू असताना तो मित्रमैत्रिणींना पत्रांतून संवादांची यथेच्छ टर उडवायचा. पण व्यवहार बघा. ठरलेल्या पैशांखेरीज दिग्दर्शक जॉर्ज ल्युकसच्या वाट्यातले दोन टक्के मागून घेतले होते आणि वर पाव टक्का ल्युकसनं आपणहून दिला. सव्वादोन टक्के! सिनेमा कसा चालला ते मी काय सांगू. ज्या कामाचा राग राग केला त्यानंच म्हातारपणाची ददात मिटवली.

एका पोरानं त्याला सांगितलं की मी हा सिनेमा शंभराहून जास्त वेळा पाहिलाय. गिनेस म्हणाला, सही देतो, पण एका अटीवर, तो पुन्हा कधीही बघायचा नाही. पोरगं रडायला लागलं, आई संतापली. हे त्यानं स्वतःच आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, म्हणजे पश्चात्ताप वगैरे काही नाही.

एवढं होऊनही सांगतो, तो सिनेमा तोच तोलतो. बाकी सगळी पोरं केस उडवत पळतायत आणि मधे एक माणूस शांत बसून, जराही आवाज न चढवता, 'फोर्स' नावाची गोष्ट खरी असल्यासारखी समजावतोय. त्याचा विश्वास नव्हता म्हणता? मग आमचा कसा बसला?

विंगेतला_उंदीर

जोशीबुवा, हे माझ्या अख्ख्या लेखापेक्षा भारी लिहिलंत.

अक्का_वाईकर

उशिरा आले, क्षमस्व. गोडबोल्यांबद्दल मला बोलायचंय, कारण सगळे सिनेमातल्या गोडबोल्यांवरच तुटून पडलेत. कादंबरीतले गोडबोले वेगळे आहेत हो.

ती लिहिणाऱ्या ई. एम. फॉर्स्टरला मराठी माणूस नुसता ऐकून ठाऊक नव्हता. १९२१ मध्ये तो देवास थोरली पाती संस्थानात महाराजांचा खासगी चिटणीस होता. पवारांचं मराठा संस्थान. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यानं दिवसच्या दिवस बघितला, घरी पत्रं लिहिली. तोच उत्सव कादंबरीच्या तिसऱ्या भागात आलाय. तिथं गोडबोले झांजा घेऊन देवापुढं उभे आहेत आणि गातायत काय, तर तुकाराम, तुकाराम, तूच माझा बाप, तूच माझी आई. इंग्रजी साहित्यातल्या एवढ्या गाजलेल्या कादंबरीत आपला तुकोबा असा थेट येऊन उभा राहतो! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

लीननं हा सगळा भाग सिनेमातून काढला. शेवट नेला काश्मीरला, बर्फाच्या डोंगरांसमोर. गुहा वगैरे बंगळुरूजवळ सावनदुर्गच्या बाजूला चित्रित केल्या, त्या छान आहेत. पण देऊळ गेलं, जन्माष्टमी गेली, तुकोबा गेला. मग गोडबोल्यांच्या वाट्याला उरलं काय? पागोटं आणि गूढ बोलणं. गिनेससाहेबांनी नाचाची तालीम केली होती, तोही कापला. त्यावरून लीनशी बिनसलं ते बिनसलंच.

म्हणून मला गिनेससाहेबांचा राग येत नाही. ज्या माणसाचा देवच काढून घेतलाय, त्याची भूमिका कोण करणार? भारतीय नट असता तर रंग खरा दिसला असता, एवढंच.

तिरकस

अक्का, दंडवत. तुकारामाचं ठाऊक नव्हतं. पण 'एवढंच' काही मला पटत नाही. रंग खरा असणं ही बारीक गोष्ट नाही, विशेषतः जिथं एका भारतीयावर त्याच रंगावरून खटला उभा राहतो अशा गोष्टीत.

अक्का_वाईकर

बरोबर आहे तुमचं. 'एवढंच' मागे घेते.

विंगेतला_उंदीर

अक्का, तुम्ही देवाचा विषय काढलात म्हणून सांगतो. गिनेस १९५६ मध्ये रोमन कॅथलिक झाला. त्यामागे दोन गोष्टी तो सांगायचा. मॅथ्यू आजारी होता तेव्हा घरी जाताना हा वाटेतल्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसायचा. एकदा देवाशी सौदा केला, पोरगं बरं कर, पुढं त्याला कॅथलिक व्हायचं असलं तर मी आडवा येणार नाही. पोरगं बरं झालं. नवस फेडल्यासारखंच म्हणायचं.

दुसरी गोष्ट 'फादर ब्राउन'च्या चित्रीकरणातली, फ्रान्समधल्या एका गावातली. पाद्र्याच्या झग्यातच तो संध्याकाळी मुक्कामाकडे चालला होता. एक अनोळखी लहान पोरगा धावत आला, त्याचा हात धरला आणि बडबड करत बरोबर चालू लागला. पोराला वाटलं हे खरेच पाद्री. थोड्या अंतरावर वाकून नमस्कार करून पळून गेला. गिनेस काही बोलला नाही, आपला फ्रेंच उच्चार ऐकून पोरगं घाबरेल म्हणून. ज्या झग्याच्या भरवशावर पोर अनोळखी माणसाचा हात धरतं, त्या झग्यात काहीतरी असणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

पोटमाळा

वाचतोय. हॉलिवूडचा नट जेम्स डीनच्या गाडीचा किस्सा याच गिनेसचा ना?

विंगेतला_उंदीर

हो, तोच. सप्टेंबर १९५५, हॉलिवूडमध्ये नुकताच उतरला होता. हॉटेलाबाहेर डीननं नवी कोरी पोर्शे दाखवली. गिनेसला ती बघून कसंतरी झालं आणि तोंडून निघून गेलं, की या गाडीत बसलास तर पुढच्या आठवड्यात या वेळेला तू जिवंत नसशील. ३० सप्टेंबरला डीन त्याच गाडीत गेला. मी असल्या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवत नाही, म्हणून लेखात घातली नव्हती.

लीड्सकर

इकडे इंग्लंडात आमच्या पिढीच्या आधीच्यांना विचारलंत तर ना 'क्वाय', ना ओबी-वान. हेर जॉर्ज स्माइली! बीबीसीची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', १९७९, सात भाग. मी इथं आल्यावर शेजारच्या आजोबांनी डीव्हीडीचा डबा हातात ठेवला आणि म्हणाले, कळलं नाही तरी बघत रहा. खरंच, पहिले दोन भाग ओ की ठो कळलं नाही. पण त्या माणसावरून नजर हटेना. तो काही करतच नाही! समोरचा बोलतोय आणि हा ऐकतोय. चष्मा काढतो, टायच्या रुंद टोकानं पुसतो, पुन्हा लावतो. ऐकणं हीसुद्धा अभिनयाची गोष्ट आहे हे मला तिथं कळलं.

तयारी कशी केली ते वाचण्यासारखं आहे. कादंबरीकार ल कारेला म्हणाला, मला एखादा खरा हेर दाखव. ल कारेनं मॉरिस ओल्डफील्डची गाठ घालून दिली, ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा माजी प्रमुख. जेवण झालं, ओल्डफील्ड निघाले, आणि गिनेस त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. मग प्रश्न सुरू : ते असलीच भडक कफलिंक घालतात का सगळे? ते बूट? ती छत्री? देशाच्या गुपितांबद्दल एक अक्षर नाही.

नंतर ल कारेच म्हणाला की स्माइली आता माझा राहिला नाही, लिहायला बसलो की गिनेसचाच आवाज ऐकू येतो.

शनिवारपेठी

तुम्ही सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचताय. कुठं आपटला की नाही कधी?

विंगेतला_उंदीर

चांगलाच. १९५१ चं 'हॅम्लेट', दिग्दर्शक तोच, नायकही तोच. पहिल्या रात्री प्रकाशयोजनेचा घोळ झाला, भलत्या वेळी भलते दिवे. समीक्षकांनी सोलून काढलं. त्यात नाटकातल्या नाटकात राजा होणाऱ्या नटाचं काम केनेथ टायननं केलं होतं. एका समीक्षकानं त्याच्यावर सडकून टीका केली, टायननं झणझणीत उत्तर छापलं आणि त्याच पेपरात समीक्षक म्हणून त्याची वर्णी लागली. म्हणजे नाटक पडलं, पण इंग्लंडला तिखट लेखणीचा एक समीक्षक मिळाला. शिवाय १९६६ मध्ये रॉयल कोर्ट नाट्यगृहात सिमोन सिन्योरेबरोबर 'मॅकबेथ', तेही पडलं.

माझ्या मते ही नाटकं पडण्याचं कारण त्याच्या बळातच आहे. हॅम्लेट, मॅकबेथ अशा भूमिकांत नटानं पुढं येऊन स्वतःची छाती दाखवावी लागते. त्याच्याच काळातला बडा नट लॉरेन्स ऑलिव्हिए ते करायचा. गिनेसला छाती दाखवायची वेळ आली की तो कोट शोधायचा. पण १९५३ मध्ये कॅनडात स्ट्रॅटफर्डला तंबूत जो नाट्योत्सव सुरू झाला, त्याचं पहिलं वाक्य बोलणारा तिसरा रिचर्ड हाच होता आणि ते लोकांनी उचलून धरलं. रिचर्डला कुबड आहे, लंगडणं आहे. लपायला जागा आहे.

लीड्सकर

शेवटचं वाक्य आवडलं. गेला ऑगस्ट २००० मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी. मेरुलाबाई अडीच महिन्यांत मागोमाग. बासष्ट वर्षांचा संसार.

पोटमाळा

काल रात्री 'काइंड हार्ट्स' पाहिला, बायको आणि मी दोघांनी. चर्चमधलं ते दृश्य तीनदा मागे नेलं. सहा म्हणालात ना? आम्हाला पाचच सापडले.

विंगेतला_उंदीर

बाई मोजलीत का?

पोटमाळा

कुठली बाई?

विंगेतला_उंदीर

लेडी अगाथा. टोपीवाली.

पोटमाळा

अरे देवा. बायको म्हणतेय पुन्हा लाव.